मदत हवी आहे: मुलींसाठीचं संगीत मासिक, कव्हर परत आलं, सोमवारी सबमिशन

काळी_दोन
घाईत लिहितेय. आमच्या ग्रुपने मुलींसाठी म्युझिक मॅगझिन केलंय. मॅडमनी कव्हर परत दिलं, वर लाल पेनाने एवढंच लिहिलंय: "वाचक कुठे आहे?" अहो, कव्हरवर मुलगी आहे, गिटार आहे, सगळं गुलाबी आहे. आणखी वाचक कुठून आणू? शिवाय आपणच आपल्या मासिकाचं मूल्यमापन लिहायचंय, १००० शब्द, त्यात "छान झालं" याच्यापुढे काही सुचत नाहीये. आणि अक्षरं तुटतायत. सोमवारी द्यायचंय. गूगल कर असं कृपया कोणी सांगू नका, करून झालंय.

जुळारी
किती पानं? छापणार की पीडीएफ? मराठी की इंग्रजी? कशात केलंय? अक्षरं स्क्रीनवर तुटतायत की प्रिंटमध्ये?

काळी_दोन
मराठी अर्थातच. २२ पानं. छापणार. इनडिझाइन, ते पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. पण आधी कव्हरचं सांगा ना.

जुळारी
२२ पानं पिनेत बसत नाहीत. मधे पिन मारायची तर चाराच्या पटीत हवीत. २० कर नाहीतर २४. कव्हरची चार धरून २२ की सोडून? आणि चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर जादा रंग, ठेवलंयस का? नसेल तर कटिंगला तुझ्या गुलाबीच्या कडेला पांढरी रेघ दिसणार.

नियमावली
मूळ मुद्द्याला कोणी हातच घालत नाहीये. नियतकालिक काढायचं तर नोंदणी लागते. १८६७चा जुना कायदा गेला, २०२३चा नवा कायदा १ मार्च २०२४पासून लागू झालाय. कॉलेजात हे शिकवत नाहीत का?

जुळारी
साहेब, पोरगी चार प्रती काढून मॅडमच्या टेबलावर ठेवणार आहे. तिला रजिस्ट्रारकडे कशाला पिटाळताय?

नियमावली
सवय आधीपासून लागलेली बरी.

लेस्टरची_माई
माझ्या लेकीने इथे इंग्लंडात शाळेत अगदी हेच केलं होतं. ओसीआर नावाचं परीक्षा बोर्ड, एएस (साधारण अकरावी-बारावीची पातळी) मीडिया स्टडीज, आता तो जुना अभ्यासक्रम बंद झाला. नव्या संगीत मासिकाचं कव्हर, अनुक्रमणिका आणि समोरासमोरच्या दोन पानांचा लेख. फोटो स्वतः काढलेले, कमीत कमी चार. मग मूल्यमापनाचे ठरलेले सात प्रश्न. आठवतात तसे सांगते: खऱ्या मासिकांच्या कुठल्या रीती पाळल्या आणि कुठल्या मोडल्या, कुठला समाजगट कसा दाखवला, कोणती संस्था हे बाजारात आणेल, वाचक कोण, त्याला ओढलं कसं, तंत्राबद्दल काय शिकलात, आणि पहिल्या सरावाच्या कामापासून इथपर्यंत काय फरक पडला. तू हेच सात घे, १००० शब्द कमी पडतील.

अवांतर: लेकीच्या निमित्ताने मीच खूप वाचलं तेव्हा. इथलं 'स्मॅश हिट्स' हे पॉप गाण्यांचं मासिक १९७८ला सुरू झालं आणि २००६ला बंद पडलं. त्यात गाण्यांचे शब्द छापून यायचे, मुली ते कापून वहीत चिकटवायच्या. स्पाइस गर्ल्स या बँडमधल्या मुलींची ती टोपणनावं १९९६मध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमाच्या मासिकानेच पाडली, हे कितीजणांना माहीत आहे?

कॅसेटवाला
आहाहा! आम्ही कॅसेटच्या आतला कागद जपून ठेवायचो. शब्द वाचता वाचता घड्यांवर फाटायचा. आमच्या घरी आजी 'स्त्री'चे जुने अंक काढून बसायची. किर्लोस्करांनी १९३०मध्ये सुरू केलेलं मासिक. तेव्हाच्या बायका काय वाचायच्या आणि आताच्या मुली...

धिरकिट
कॅसेटकाका, "आताच्या मुली"च्या पुढे टिंबं नकोत. आताची एक मुलगी इथे विचारतेय.

काळी_दोन, कव्हर इथे टाक. नसेल जमत तर त्यावरचा प्रत्येक शब्द लिही. गुलाबी आहे एवढ्यावरून कोण काय सांगणार?

काळी_दोन
टाकलंय, खाली लिंक. नाव 'स्वरा'. ओळी: "ब्रेकअपची टॉप १० गाणी", "तुझी रास, तुझं गाणं", "कॉन्सर्टला जाताना केसांचं काय?", "गिटार शिका ७ दिवसांत". मॉडेल माझी रूममेट.

धिरकिट
रूममेटला गिटार येत नाही, बरोबर? डाव्या-उजव्या कुठल्याच हाताचं एकही बोट तारेवर दाबलेलं नाहीये, केरसुणी धरावी तशी धरलीय. आणि गिटारीच्या डोक्यावरचं कंपनीचं नाव उलटं वाचलं जातंय. फोटो आरशासारखा फिरवलायस ना?

काळी_दोन
चेहरा मजकुराकडे वळायला हवा म्हणून फिरवला. कोणाच्या लक्षात येणार आहे?

धिरकिट
जी वाजवते तिच्या. मी तबला वाजवते, गिटार नाही, तरी मला पाच सेकंदांत दिसलं. मॅडमनी विचारलंय ते हेच. "मुली" म्हणजे कोण? ऐकणारी, की वाजवणारी, की गाणारी? सोळाची, की पंचविशीतली नोकरी करून रात्री रियाज करणारी? तुझ्या चार ओळींमधली पहिली एखादी ऐकणारी वाचेल, चौथी शिकणारी, आणि मधल्या दोन कुठल्याही मासिकात खपतील. माई म्हणतात तसे शब्द छापून आज कोणी अंक घेणार नाही, ते फोनवर आहेत. फोनवर नाही असं तुझ्या अंकात काय आहे?

अमेरिकेत १९९०च्या दशकात 'रॉकरगर्ल' मासिक निघालं, २००५पर्यंत चाललं. पोर्टलंडहून २०१२मध्ये 'शी श्रेड्स'. दोन्ही वाजवणाऱ्या बायकांसाठी, वाजवणाऱ्या बायकांनी काढलेली. तिथली गिटार उलटी छापली असती तर पत्रांचा ढीग आला असता.

रंगारी_मनोज
गुलाबीला उगाच झोडपू नका. रंगाचा काय दोष? गुलाबी पंक मासिकातही शोभतो. खरी भानगड वेगळी आहे. स्क्रीनवर दिसतोय तो झळझळीत गुलाबी छपाईच्या चार शाईंत येणारच नाही, मंद पडेल. फाइल आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, आहे का? सीएमवायके, म्हणजे छपाईच्या रंगांत, करून आधी एक प्रिंट काढून बघ. आणि फोटो ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) हवेत, व्हॉट्सॲपवरून आलेले चालणार नाहीत.

धिरकिट
रंगाला दोष नाहीच देत मी. मुली म्हटलं की विचार न करता गुलाबी ओतला, त्याला देतेय.

रंगारी_मनोज
मग तसं म्हणा.

जुळारी
अक्षरांचं राहिलं. आतल्या पानांवर पण तुटतायत?

काळी_दोन
नाही, आत नीट आहेत. आतलं श्रीलिपीत, त्या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप केलं होतं. फक्त कव्हरवर. कव्हर फोटोशॉपमध्ये आहे.

जुळारी
हे आत्ता सांगतेस! वर इनडिझाइन म्हणालीस. तुझं फोटोशॉप जुनं दिसतंय. प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे टेक्स्ट इंजिन बदल: वर्ल्ड-रेडी, त्याहून जुन्या आवृत्तीत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन. बंद करून परत उघड, मग जोडाक्षरं जुळतील. त्याहून बरं म्हणजे कव्हरवर फक्त फोटो फोटोशॉपचा ठेव आणि शब्द इनडिझाइनमध्ये टाक, तिथे वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडून. फाँट युनिकोड घे, 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता आणि बलू फुकट मिळतात. आतल्या श्रीलिपीच्या मजकुराला मात्र युनिकोड फाँट लावू नकोस, जंतरमंतर होईल. आधी कन्व्हर्टर.

काळी_दोन
झालं!!! "स्वरा" नीट दिसतंय. "कॉन्सर्ट"चा रफार पण. पण कव्हर बदलायला आता मॉडेल कुठून आणू? रूममेट गावी गेली.

धिरकिट
आत कोणाकोणाचे फोटो आहेत?

काळी_दोन
एक गायिका, तिने फोटो स्वतः पाठवलेत. एक ढोल पथकातल्या मुलींचा. आणि पान १४वर आमच्या कॉलेजची सीनियर, एकांकिकांना साउंड करते. ती मुलाखत बरी झालीय, पण फोटो कव्हरचा नाही. अंधारात साउंडच्या मिक्सरवर वाकलीय, कमरेला चिकटटेपची रिळं अडकवलेली, चेहरा अर्धाच दिसतोय.

धिरकिट
तो टाक इथे.

(टाकल्यावर) काळी_दोन, डोकं फिरलंय का तुझं? हा फोटो पान १४वर ठेवलास?

लेस्टरची_माई
+१. गायिका कुठल्याही अंकात येते, पण साउंड करणारी मुलगी कव्हरवर मी तरी पाहिलेली नाही. मूल्यमापनातला "कुठला समाजगट कसा दाखवला" हा प्रश्न यातूनच लिहून होईल.

रंगारी_मनोज
फोटो भारी आहे, पण साध्या कागदावर काळा ढीग होईल. कव्हर आर्ट कार्डवर, म्हणजे जाड गुळगुळीत कागदावर, छाप आणि सावल्या जरा उचल. मिक्सरचे दिवे तेवढे चमकू देत. गुलाबी हवाच असेल तर नावाला लाव.

नियमावली
शेवटच्या पानावर पूर्ण गाणं छापलंय का? लिंकमध्ये दिसतंय. गीतकार हयात असो वा नसो, मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. समीक्षेत दोन ओळी उद्धृत करणं वेगळं, अख्खं गाणं वेगळं.

जुळारी
हे मात्र बरोबर बोललात. काढ ते पान, म्हणजे पाठपोट दोन पानं कमी होऊन २० पण होतील.

काळी_दोन
ओके काढते. आता मूल्यमापन. सर्व्हे केलाय आधीच, ४३ जणींनी फॉर्म भरला, ४१ जणी "आवडलं" म्हणाल्या. तेच टाकू ना?

धिरकिट
प्रश्न काय होता?

काळी_दोन
"आमचं मासिक तुम्हाला आवडलं का?"

धिरकिट
मैत्रिणींना? मग त्या दोघी नाही कशा म्हणाल्या याचंच नवल. त्या दोघींना शोध आणि विचार. उरलेल्या वेळात एवढं कर: जुनं कव्हर पाच अनोळखी मुलींना पाच सेकंद दाखव, झाक, विचार हे कशाचं मासिक आहे. नवं कव्हर दुसऱ्या पाचजणींना. मग अनुक्रमणिका हातात दे आणि साउंडवाली मुलाखत शोधायला सांग, कुठे अडखळतात बघ. जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिही.

कॅसेटवाला
पाच म्हणजे काय सर्व्हे झाला? निदान शंभर तरी हवेत.

धिरकिट
काका, निवडणूक नाहीये. कव्हर वाचता येतं का तेवढंच बघायचंय.

काळी_दोन
जुनं कव्हर सातजणींना दाखवलं कँटीनमध्ये (पाच सांगितलं होतंत, दोघी आपणहून आल्या). चौघी म्हणाल्या शाम्पूची जाहिरात. नव्याला एक म्हणाली "ही इलेक्ट्रिशियन आहे का?" आणि मग अंक हातातून घेऊन बसली, परत देईना. हे लिहिलं तर चालेल ना? म्हणजे शाम्पूचं पण?

लेस्टरची_माई
शाम्पूपासूनच सुरुवात कर.

काळी_दोन
बरं. एक शेवटचं. रविवारी मधे पिन मारून देणारं कोणी उघडं असतं का?

जुळारी
कुठल्या गावात?