टँकरवरचा 'इन्फ्लेमेबल' पुसावा का?

घाटमाथा: काल खंडाळ्याच्या घाटात पेट्रोलच्या टँकरमागे अर्धा तास अडकलो. पाठीवर ठळक 'हायली इन्फ्लेमेबल'. नववीतली लेक म्हणाली, "म्हणजे हा पेटत नाही ना बाबा? इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं, तसं." तिचं काय चुकलं? फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारं. न पेटणारं ते नॉनफ्लेमेबल. जिथे गाठ जिवाशी आहे तिथून हा शब्द हद्दपार करा. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी १९२०च्या दशकातच 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला होता.

शब्दकिडा: साफ असहमत. हा 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिन 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे, त्यातून तो आला. डॉक्टर सुजेला इन्फ्लमेशन म्हणतात, तेव्हा कुणाला 'न सुजणं' ऐकू येतं का? शिवाय दोघांत थोरला इन्फ्लेमेबलच. फ्लेमेबल एकोणिसाव्या शतकातलं शेंडेफळ. आणि आपल्या घरात काय वेगळं आहे? समर्थांचं 'अचपळ मन' चपळ नसलेलं आहे का? अघोरी कृत्य म्हणजे घोर नसलेलं?

घाटमाथा: अचपळ मन उलटून एक्स्प्रेसवे बंद पडत नाही हो. मागच्या गाडीवाल्याला आधी लॅटिन शिकवायचं का?

शब्दकिडा: लॅटिन नको, एक शब्द शिकवा. लोक चुकतात म्हणून शब्द पुसत बसलो तर कोश रिकामा होईल.

भरणावाला: टँकर भरण्याच्या कामात बरीच वर्षं गेली, म्हणून बोलतो. तुम्ही भलत्याच पाटीवर भांडताय. बंबवाले आधी बघतात तो कोनावर उभा लाल चौकोन, त्यातली ज्वाळा आणि खालचा ३, म्हणजे पेट घेणारा द्रव. पेट्रोलचा आकडा १२०३, एलपीजीचा १०७५. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीतले आकडे, भाषा कुठलीही असो. त्या यादीत शब्द फ्लेमेबल आहे, आणि आपल्या पेट घेणाऱ्या पदार्थांवरच्या १९५२च्या कायद्याच्या नावातच इन्फ्लेमेबल! त्यामुळे रंगारी जे येईल ते रंगवतो. एकाने तर 'इन्फ्लेमबेल' रंगवलं होतं.

माईआजी: अरे, मराठीत सरळ 'ज्वालाग्राही' लिहा की. काही टँकरांवर असतंही.

घाटमाथा: लेकीला विचारलं. म्हणाली, "ज्वाला ग्रहण करतो, म्हणजे आग विझवणारा ना?"