मदत हवी आहे: दाराच्या पॅडमागची क्लिपची घरं तुटली, ग्लू धरतच नाही

नमस्कार मंडळी,

गाडी 21 वर्षांची आहे. इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, पण आतलं प्लास्टिक आता हात लावला की तडकतंय. ड्रायव्हरच्या बाजूची काच मध्येच अडत होती म्हणून दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं प्लास्टिकचं आवरण, काढायला घेतलं. स्क्रू सगळे काढले, हँडलच्या वाटीत झाकणाखाली लपलेलासुद्धा. मग खालच्या कडेत बोटं घालून ओढलं आणि कट्, कट्, कट् असे तीन आवाज आले. पॅड हातात आलं, पण क्लिपा पत्र्याच्या भोकांतच अडकून राहिल्या आणि त्यांची प्लास्टिकची घरंही त्यांच्यासोबत तिकडेच.

घर म्हणजे बोटाच्या पेराएवढी पेटी, वर किल्लीच्या भोकासारखी खाच, त्यात क्लिपचं डोकं सरकवून बसवायचं. पॅडच्या मागे आता त्या जागी फक्त पांढरट, खरबरीत कडा उरल्यात. दोन घरं अख्खी मिळाली. तिसऱ्याचे चार तुकडे झालेत, त्यातला एक दाराच्या पोटात पडला होता, तो वाकवलेल्या तारेने बाहेर काढला.

मागच्या वर्षी गिअरजवळच्या कन्सोलचा कान तुटला होता. तो एबीएस नावाच्या प्लास्टिकचा होता. त्याच प्लास्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून लापशीसारखा केला आणि भरला, आजही पक्का आहे. त्याच भरवशावर इथेही ॲसिटोन लावलं, तर ते नुसतं उडून गेलं, प्लास्टिक जसंच्या तसं. सुपरग्लू आणि खाण्याचा सोडा लावल्यावर दगडासारखं घट्ट झालं, पण पॅड दाबून बसवताना सगळा थर एका तुकड्यात सुटून आला. दोन भागांचा इपॉक्सी लावून पूर्ण दिवस ठेवला, तोही तसाच सोलून निघाला.

पॅडच्या मागे 'पीपी-टी20' असं उठवलेलं आहे. पण पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ते तर पाण्यावर तरंगतं ना? माझा तुकडा तर बुडाला. मग हे नक्की काय आहे? आणि सोल्डरिंग आयर्नने वितळवून जोडलं तर पुढच्या बाजूला, जिथे चामड्यासारखी नक्षी आहे, तिथे डाग उठेल का? पॅड जेमतेम अडीच मिलिमीटर जाड आहे. नवं पॅड आता बनत नाही. ही गाडी मला अजून बरीच वर्षं चालवायची आहे, म्हणून काम घाईत उरकायचं नाहीये.

प्रतिसाद:

पीपीच आहे. टी20 म्हणजे त्यात वजनाने 20 टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड आहे. नुसतं पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं, टाल्कमुळे ते जड होऊन बुडतं. भरणी असलेल्या प्लास्टिकसाठी ही पाण्याची परीक्षा फसवी ठरते, उठवलेल्या अक्षरांवरच विश्वास ठेवा.

तुमच्या हाताचा दोष नाही. पीपीवर ग्लू पसरतच नाही, मेणावर पाणी टाकल्यासारखं होतं. शिवाय क्लिपचं घर प्रत्येक वेळी सरळ उपटलं जातं, तिथे नुसत्या कडेवरचा जोड टिकत नाही. वितळवूनच जोडा, आणि बूड रुंद करा.

आधी जुने ग्लूचे थर पूर्ण खरवडा. डॅशबोर्डचं पॉलिश मागे झिरपलेलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर मारा. घर जागेवर धरून चार कोपऱ्यांना सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने वितळवून टाका मारा, पण त्याआधी खाचेची दिशा दोनदा तपासा, उलटं बसलं तर क्लिप सरकणार नाही. मग बुडाभोवती स्टीलच्या बारीक जाळीचे तुकडे ठेवून गरम टोकाने पॅडच्या निम्म्या जाडीपर्यंतच दाबा. पीपी साधारण 160 अंशांच्या पुढे वितळतं. धूर निघाला तर टोक जास्त तापलंय, ते प्लास्टिक जळून कमजोर होतं. एका जागी तीन-चार सेकंदच थांबा आणि दुसऱ्या हाताचा तळवा पुढच्या बाजूला ठेवा. तळव्याला ऊब लागली की थांबायचं. नक्षी एकदा चकाकली की परत येत नाही.

भरायला केबल टाय वापरू नका, ते नायलॉनचं असतं, पीपीशी एकजीव होत नाही. पॅडच्याच मागची, कुठे न टेकणारी एखादी बरगडी (मजबुतीसाठी असलेली उभी पट्टी) कापून तिच्या काड्या करा. खिडक्या उघड्या ठेवा.

चार तुकड्यांचं घर मात्र जोडत बसू नका, ते पुन्हा फुटेल. त्या बरगडीच्या पट्टीत खाच पाडून नवीन घर बनवा. आणि क्लिपा सगळ्या नव्या घ्या. जुन्या इतक्या ताठरतात की पुढच्या वेळी पुन्हा घरच तुटेल. एक सांगायचं राहिलं: गाडीच्या काचेजवळच्या खांबावरच्या पट्टीमागे एअरबॅग असेल, तर ती पट्टी कधीही अशी जोडू नका, बदलाच.

धागाकर्ता:

मनापासून आभार. दोन्ही अख्खी घरं बसली. पहिल्याच्या वेळी तळव्याला ऊब जाणवली आणि लगेच थांबलो, नक्षी शाबूत आहे. पॅड आधी हेअर ड्रायरने कोमट केलं, वरची कड काचेच्या फटीत अडकवली, मग एकेका क्लिपवर बरोबर दाबलं. तिसरं घर उद्या करतोय, पट्टी कापून ठेवली आहे.