मदत हवी आहे: डोक्यावरचं जुनं आवाळू चार महिन्यांत वाढलं

निवांत: आईचं वय ६४. डोक्यावर मागच्या बाजूला वीसेक वर्षांपासून दोन आवाळू, आजीलाही होती. एक हरभऱ्याएवढं, तसंच आहे. दुसरं चार महिन्यांत बोराचं लिंबाएवढं झालं. वरची त्वचा लाल, केस गळलेत, दुखत नाही. सर्जन भूल देऊन अर्ध्या तासात काढू म्हणतात. आधी काही तपासण्या हव्यात का? चाकू लागला की पसरतं, हे खरं?

शल्यकर्मी: हरभऱ्याची चिंता नको. केसाच्या मुळाच्या आवरणातून होणारी ही गाठ ९० टक्के वेळा डोक्यावरच येते आणि घराण्यात चालते. छोटी चीर देऊन पिशवीसकट अख्खी निघते. पिशवी फुटून तिचा तुकडा आत राहिला, तर पुन्हा भरते.

लिंबाला मात्र हाच न्याय लावू नका. साठीपुढच्या बायकांत अशी जुनी गाठ कधीकधी जोराने वाढू लागते. बहुतेक वेळा तेही साधंच निघतं, पण काहींत कर्करोग सापडतो. आधी डॉपलरसह (गाठीतला रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी. गाठ हाडावर सरकत नसेल तर सीटी किंवा एमआरआय. कानापुढे, कानामागे, मानेत गाठी लागतात का ते डॉक्टरांनी चाचपून पाहायला हवं. मग नुसती सोलून न काढता भोवतालची थोडी निरोगी त्वचा धरून काढावी.

चाकूने पसरत नाही. घोळ होतो तो अर्धवट काढण्याने: व्रणात कडा हरवतात आणि दुसऱ्या वेळी किती कापायचं तेच कळत नाही.

सूक्ष्मदर्शी: काढलेलं सगळं पॅथॉलॉजीला गेलंच पाहिजे. साधी दिसते म्हणून गाठ बादलीत जाते, तिथेच चुकतं. १० टक्के फॉर्मालिन (गाठ टिकवणारं द्रावण), गाठीच्या दहापट, रुंद तोंडाची बरणी. सलाइन चालत नाही, गाठ कुजते. दिशा कळावी म्हणून एका कडेला टाका घालायला सांगा. फॉर्मवर 'सिबेशियस सिस्ट' (साध्या आवाळूचं रूढ नाव) एवढंच लिहिलं तर आम्ही पॅथॉलॉजिस्टही एकदोन तुकडेच बघतो. '२० वर्षांची गाठ, ४ महिन्यांत वाढ' असं लिहून घ्या. लहान पंच बायोप्सीवर (तपासणीसाठी काढलेला गोल छोटा तुकडा) विसंबू नका. या गाठीचा एखादा तुकडा कर्करोगासारखा दिसतो, निकाल लागतो तो गाठीची कड आजूबाजूला घुसली आहे का यावरून. ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड (त्यांचे काचेवरचे पातळ काप) मागून ठेवा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच लागतात.

शल्यकर्मी: धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: लहान मुलाच्या डोक्यावर मधोमध गाठ असेल तर एमआरआयआधी सुई घालू देऊ नका, तिचा मेंदूशी संबंध असू शकतो. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर मार न लागता आलेला, पसरत जाणारा जांभळा डाग म्हणजे मुका मार समजू नका. रक्तवाहिन्यांचा कर्करोग असाच फसवतो. टकलावरची खपली महिनाभरात भरली नाही तरी दाखवा.

निवांत: आईला रक्त पातळ ठेवायची ॲस्पिरिन ७५ चालू आहे, बंद करू?

शल्यकर्मी: आपल्या मनाने नाही. सर्जनला आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. डोक्याची त्वचा भरपूर रक्त सांडते, पण दाबून धरलं की ते थांबतं.