शब्दचर्चा: उपग्रहांच्या वेळेतला ‘ऑफसेट’

मोजणीदार: एका रिसीव्हरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतोय. अमेरिकेची जीपीएस आणि युरोपची गॅलिलिओ या ठिकाण सांगणाऱ्या उपग्रह प्रणालींच्या वेळांमधल्या फरकाला, म्हणजे ‘टाइम ऑफसेट’ला, ‘कालांतर’ चालेल का? की सरळ ‘वेळेतली चूक’ म्हणू?

शब्दखोर: ‘कालांतर’ नको, वाचणाऱ्याला ‘कालांतराने’ आठवेल. ‘चूक’ तर त्याहून नको, इथे कुणाचंच चुकलेलं नाही. जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० पासून मोजतात आणि तिच्यात लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला अधूनमधून घालतात तो जादा सेकंद) धरत नाहीत, म्हणून ती २०१७ पासून यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. चीनच्या बैदूची मोजणी १ जानेवारी २००६ पासून, ती जीपीएसच्या १४ सेकंद मागे. रशियाची ग्लोनास लीप सेकंद पाळते, वर मॉस्कोचे तीन तास. सगळं ठरवून केलेलं. मी ‘तफावत’ म्हणेन.

मोजणीदार: पण गॅलिलिओ तर जीपीएसशी जुळवलेली आहे ना?

अणुघड्याळ: सेकंदांपुरती. नॅनोसेकंदांत दोघींचा कारभार स्वतंत्र, आणि एका नॅनोसेकंदात प्रकाश साधारण ३० सेंटिमीटर जातो. २० नॅनोसेकंदांची तफावत हिशेबात धरली नाही, तर गॅलिलिओच्या सगळ्या उपग्रहांची अंतरं सहा मीटरने चुकतात. नुसती गॅलिलिओ वापरली असती तर काही बिघडलं नसतं, सगळीकडे सारखीच भर असली की रिसीव्हर ती आपल्या घड्याळाच्या खात्यात टाकून मोकळा होतो. इथे दोन्ही प्रणाली एकत्र वापरताना काही उपग्रहांत ती आहे, काहींत नाही, म्हणून ठिकाण सरकतं. गॅलिलिओ ही तफावत संदेशातून कळवते. ती वापरायची नसेल तर अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःचं घड्याळ यांच्या जोडीला पाचवी अज्ञात राशी येते, आणि चाराऐवजी किमान पाच उपग्रह लागतात. मोकळ्या माळावर ठीक आहे, उंच इमारतींच्या गल्लीत तो पाचवा आणायचा कुठून?

शब्दखोर: आणखी एक. घड्याळ ‘दोन मिनिटं पुढे आहे’ आणि घड्याळ ‘पुढे जातं’ यांत आपण बोलताना फरक करतोच. पहिली तफावत, दुसरा तिचा दर. गॅलिलिओच्या संदेशात दोन्ही आकडे वेगवेगळे येतात, तेव्हा पुस्तिकेतही वेगळे ठेवा. ‘कालविचलन’ कोशात शोभेल, मोजणीच्या कामावर कुणी म्हणणार नाही.

मोजणीदार: मग ‘वेळेची तफावत’ आणि ‘तफावतीचा दर’. आणि रिसीव्हरच्या आतच दोन प्रणालींच्या सिग्नलांना कमीजास्त वेळ लागतो, तो?

अणुघड्याळ: तो ‘उपकरणातला उशीर’. तफावतीत मिसळू नका. तो संदेशात येत नाही, आणि प्रत्येक बनावटीचा वेगळा असतो.