मदत हवी आहे: लार्पमध्ये सेनापती व्हायचंय, सगळ्यांना खेळायला कसं मिळेल?

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत राहते आणि लार्प खेळते, म्हणजे दोन-तीन दिवस रानात तंबू ठोकून, फोमच्या तलवारी घेऊन आपापलं पात्र जगायचं. येत्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच 30 जणांच्या तुकडीची सेनापती आहे.

मागच्या खेळात मी साधी शिपाई होते. आमच्या सरदाराने सगळी खलबतं तंबूत दोन मित्रांबरोबरच केली. आम्ही बाहेर पावसात पहारा देत राहिलो, दुपारभर काहीच घडलं नाही. रजा आणि पैसे खर्चून आलेल्यांवर ही वेळ माझ्यामुळे येऊ नये. म्हणून हेरगिरी, रसद, वाटाघाटी वाटून देणार आहे, निर्णयांसकट. एवढं पुरेल का?

खरी भीती दरडावण्याची. पात्र म्हणून एखाद्याला चारचौघांत झापलं आणि ते त्या माणसालाच लागलं तर? नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या धाटणीच्या, लार्पमध्ये खेळ थांबवायला 'कट' आणि जरा सौम्य घ्या म्हणायला 'ब्रेक' हे शब्द आहेत. पण हुकूम सोडणाऱ्यापुढे नवखा माणूस 'कट' म्हणायला धजतो का? नाटकात, ट्रेकला, एनसीसीत पुढारपण केलेल्यांनीही सांगा, तुम्ही काय करता?