रिकाम्या प्लॉटवरचं गाजर गवत: ब्रशकटर की तणनाशक?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. नाशिकच्या वेशीवर आमच्या सोसायटीला लागून साधारण १० गुंठ्यांचा रिकामा प्लॉट आहे. उन्हाळ्यात तिथे भरावाची माती पडली. आता जुलैत गाजरासारख्या पानांची रोपं सगळीकडे उगवली आहेत. बरीच जमिनीला चिकटलेली, काही गुडघ्याएवढी, थोड्यांना पांढरी फुलं. मागे द्राक्षबाग आहे. ब्रशकटर की तणनाशक, यावर सोसायटीत दोन तट आहेत. हे सगळं गाजर गवतच का? आणि आत्ता काय करावं?

बांधावरचा:
वर्णनावरून गाजर गवतच (काँग्रेस गवत, चटकचांदणी). खात्री अशी करा: लहानपणी पानं जमिनीवर चक्रासारखी पसरतात, खोलवर कातरलेली आणि बारीक लव असलेली. खोड वाढलं की त्यावर उभ्या शिरा दिसतात. फुलं ४-५ मिलिमीटरची, पांढरी आणि नीट पाहिलं तर पाच टोकांची. झेंडूची रोपं लांबून तशीच दिसतात, पण त्यांचं पान चुरगळलं की झेंडूचा वास लपत नाही.

ब्रशकटर नको. खोड वरून छाटलं की बुंध्याशी नव्या फांद्या फुटतात आणि वीतभर उंचीवरच पुन्हा फुलं येतात. शिवाय परागकण आणि झाडाचा चुरा हवेत उडतो. गाजर गवतातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे पापण्या, मान, कोपराची घडी इथे खाज आणि चट्टे उठतात, काहींना शिंका आणि दम्याचा त्रास होतो.

पाऊस पडून जमीन ओली असताना मुळासकट उपटा. फुलं आलेली झाडं आधी, तीही न झटकता थेट पोत्यात. एका झाडाला १५ ते २५ हजार बिया येऊ शकतात, त्यामुळे त्या थोड्या झाडांना आधी हात घालणं हेच अर्धं काम. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला मास्क. कपडे घरातल्या कपड्यांत न मिसळता धुवा. ज्यांना आधीच ॲलर्जी आहे त्यांना उत्साह असला तरी या कामावर घेऊ नका. उगवण ते फुलं हा प्रवास ४ ते ६ आठवड्यांचा, म्हणून पावसाळाभर दर तीन आठवड्यांनी फेरी हवीच. एकदाच 'श्रमदान' करून फोटो काढण्याने काही होत नाही.

शिवारफेरी:
तणनाशकाबद्दल. टू-फोर-डी या प्लॉटवर अजिबात नको. वाऱ्याबरोबर त्याचे तुषार किंवा वाफ द्राक्षापर्यंत गेली तर पानं पंख्यासारखी आखडतात. मग शेजाऱ्याशी वाद अटळ. ग्लायफोसेटचं प्रमाण लिटरला १० ते १५ मिली सांगतात, पण २०२२च्या अधिसूचनेनुसार ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकांकरवीच मारता येतं. आणि ते साधं गवतही मारतं. जमीन उघडी पडली की पुढच्या पावसात पुन्हा गाजर गवतच पुढे.

पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि भिंतीकडेची पट्टी यासाठी मिठाचं पाणी चालतं: १० लिटरला दीड ते दोन किलो मीठ, द्रावण पानांना चिकटावं म्हणून थोडं साबणाचं पाणी, कडक उन्हात फवारणी. झाडांच्या मुळांजवळ किंवा विहिरीजवळ नको, माती खारावते.

गोदाकाठ:
उपटायचं ठरलं. पण इतका ढीग टाकायचा कुठे? जाळला तर?

बांधावरचा:
ओलं गवत जळत नाही, नुसता धूर होतो, आणि जमिनीतल्या बियांना काही होत नाही. फुलं न आलेल्याचं खत करा. खड्डा १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट खोल. ५० किलो गवताचा थर, त्यावर ५०० ग्रॅम युरिया, शेणकाला आणि थोडी माती, असे थर भरत जा. वर घुमटासारखी माती चढवून शेणमातीने लिंपा. ४-५ महिन्यांत खत तयार होतं. फुलं-बिया आलेलं गवत यात नको. ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हात पूर्ण कुजू द्या.

रानवाट:
मोकळी जागा भरणं कुणी बोललं नाही. टाकळ्याचं (तुमच्याकडे तरोटा म्हणत असतील) बी हिवाळ्यात शेंगा वाळल्या की जमवा आणि एप्रिल-मेमध्ये दाट विस्कटा. बी कठीण असतं, म्हणून सगळं एकदम उगवत नाही. पहिल्या पावसात टाकळा दाटला की गाजर गवताला ऊन मिळत नाही. कोवळ्या पाल्याची भाजी होते, हा वरचा नफा. टाकळ्याचीच नातलग सेन्ना युनिफ्लोरा मात्र पेरू नका, तीही बाहेरून आलेलीच आहे आणि तीच डोकेदुखी होते.

गाजर गवताची पानं खाणारे मेक्सिकन भुंगे (झायगोग्रामा) १९८०च्या दशकात भारतात आणले गेले. पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, साधारण ६ मिलिमीटर. पावसाळ्यात पानं चाळणीसारखी खाल्लेली दिसली तर तो पट्टा उपटू नका, फवारूही नका. सोडायचे असतील तर एका जागी ५०० ते १०००, जुलै-ऑगस्टमध्येच. थंडी पडली की ते मातीत शिरून सुप्त राहतात, मग सोडून उपयोग नाही.

शिवारफेरी:
एक राहिलं. पुढच्या वेळी भरावाची माती घेताना ती कुठून उचलली ते विचारा. जिथे गाजर गवत माजलंय तिथली माती आणली की बी तुम्हीच ट्रकने मागवता. जेसीबीच्या चाकांची माती प्लॉटवर येण्याआधीच झाडून घ्या.