अणुवीज केंद्रावर ठेकेदाराकडे सेफ्टीला आहे, अपघातांचा ट्रेंड नक्की कसा बघायचा?

नवा_सेफ्टीवाला

नमस्कार मंडळी. पाच महिन्यांपूर्वी एका ठेकेदाराकडे सेफ्टी ऑफिसर म्हणून लागलोय, साइट अणुवीज केंद्राची आहे, नाव लिहीत नाही. आमच्याकडे काम म्हणजे स्टेजिंग (परांची) बांधणं, इन्सुलेशन, पेंटिंग आणि थोडं सिव्हिल. मस्टरवर साधारण २५० माणसं, महिन्याला ५० हजार मॅन-अवर्स होतात.

अडचण अशी आहे की वर्षभरात लॉस्ट टाइम अपघात (माणसाला कामावर येता येत नाही असा) एकच झाला, एक जण शिडीवरून घसरला आणि मनगट मोडलं. त्या तिमाहीचा फ्रिक्वेन्सी रेट (१० लाख मॅन-अवर्समागे अपघात) आला ६.६७, आधीच्या तीन तिमाहींना शून्य, त्यामुळे ग्राफ एकदम उभाच राहिला आणि मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुसरं म्हणजे मी आल्यावर निअर मिसची (थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या चिठ्ठ्यांची) पेटी लावली, फॉर्म मराठी आणि हिंदीत केले, तर महिन्याला ३-४ यायचे ते आता ११ येतायत. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात हा आकडा खाली आणा, क्लायंटसमोर बरं दिसत नाही. मला मनापासून वाटतं की लोक आत्ता कुठे बोलायला लागलेत, पण ते आकड्यात कसं पटवून द्यायचं कळत नाहीये. जे लोक या क्षेत्रात आहेत त्यांनी प्लीज सांगा.

चाकण_ईएचएस

मी ऑटो कंपनीत आहे, न्यूक्लिअरमध्ये नाही, पण गणित सारखंच आहे म्हणून लिहितो. तिमाहीचे तुमचे तास दीड लाख, त्यात एक अपघात झाला की १० लाख तासांच्या हिशोबाने ६.६७ येणारच, आणि नाही झाला की शून्य, मधला आकडा यायला जागाच नाही. म्हणजे हा ट्रेंड नाही, एका माणसाचं मनगट आहे. गेल्या १२ महिन्यांची सरकती बेरीज घ्या, ६ लाख तासांत १ म्हणजे १.६७, आणि दर महिन्याला जुना महिना काढून नवा जोडत जा. अमेरिकन रिपोर्टशी तुलना करताना मात्र जपून, ते २ लाख तासांवर काढतात (१०० माणसं, आठवड्याला ४० तास, ५० आठवडे), त्यांच्या पद्धतीने तुमचा हाच आकडा ०.३३ दिसेल आणि कोणीतरी उगाच पाठ थोपटून घेईल.

आणि मॅनेजरसाहेबांना हे पण सांगा की ६ लाख तासांत एकही अपघात झाला नसता तरी खरा दर त्याच १० लाखांच्या हिशोबाने ५ पर्यंत असू शकतो, कारण शून्य घटना दिसल्या तर वरची मर्यादा ढोबळमानाने ३ भागिले तास अशी धरतात. शून्याने एवढंच कळतं की आपल्याकडे तास कमी आहेत.

अजून एक, तुम्ही म्हणाला नाहीत तरी विचारतो. कायद्याने ४८ तास किंवा जास्त कामावर येता आलं नाही की अपघात कळवावा लागतो. मी आधी जिथे होतो तिथे पायाला प्लास्टर असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून आणायचे आणि ऑफिसात खुर्चीवर बसवून ठेवायचे, हजेरी लागली की झालं. वर्षभर बोर्डावर शून्य होतं. मी त्या माणसाला रोज बघायचो, पाय स्टुलावर ठेवून बसलेला, आणि त्याच्याशी काय बोलावं तेच सुचायचं नाही. तुमच्याकडे असं काही चालत असेल तर कुठलाही ग्राफ काढून उपयोग नाही, आधी ते थांबवा.

जुना_मेंटेनन्स

तीस वर्षं टर्बाइन साइडला काढली आहेत, आता रिटायर आहे. मित्रा, तुझं बरोबर आहे, ती पेटी अजिबात काढू नकोस.

अणुवीज केंद्र म्हटलं की बाहेरच्या लोकांना रेडिएशनच दिसतं आणि आतले लोकही कधी कधी तसाच विचार करतात, पण माणूस जातो तो बहुतेक वेळा उंचीवरून पडून, वाफेने, शॉकने नाहीतर लोड खाली येऊन. जपानमधलं मिहामा बघ. ९ ऑगस्ट २००४, तिसरं युनिट चालू होतं आणि काही दिवसांनी होणाऱ्या शटडाऊनची (देखभालीसाठी युनिट बंद ठेवण्याची) तयारी म्हणून ठेकेदाराची माणसं टर्बाइन बिल्डिंगमध्ये सामान लावत होती, तेवढ्यात डोक्यावरचा कंडेन्सेटचा (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याचा) पाइप फुटला. पाच जण गेले, सहा जखमी. त्या पाण्यात रेडिएशन नव्हतं, नुसतं गरम पाणी आणि वाफ. पाइप मुळात १० मिलिमीटर जाडीचा, फुटला तिथे दोन मिलिमीटरही उरली नव्हती. आणि का कळलं नाही, तर १९७६ साली युनिट सुरू झाल्यापासून तो तुकडा तपासणीच्या यादीतच आला नव्हता! यादीत नाव नाही म्हणून कोणी मोजलं नाही, मोजलं नाही म्हणून रिपोर्टात काही वाईट दिसलं नाही.

त्याच्या १८ वर्षं आधी, डिसेंबर १९८६ मध्ये, अमेरिकेत सरी केंद्रावर फीडवॉटरचा (वाफ करायला जाणाऱ्या पाण्याचा) बाकदार पाइप असाच आतून झिजून फुटला होता आणि चार कामगार गेले होते. दुखणं तेच, वाहत्या पाण्याने कार्बन स्टील आतून पातळ होत जाणं. सगळ्या जगाला माहीत झालं होतं तरी एका यादीत एक ओळ राहून गेली. म्हणून मी सांगतो, नुसता आकडा मोजू नकोस, कुठल्या जागेवर कोणीच बघत नाही ते शोध. रंगारी आणि स्टेजिंगवाले अशा कोपऱ्यात जातात जिथे इंजिनिअर वर्षात एकदा जातो, त्यांनी टाकलेली चिठ्ठी सोन्यासारखी असते. आमच्याकडे एक पेंटर खाली येऊन म्हणाला होता, साहेब वरच्या सपोर्टचा नट हाताने फिरतोय. खरोखर फिरत होता. शटडाऊन सुरू व्हायला चार दिवस होते आणि त्याखाली चाळीस माणसं उभी राहणार होती.

हेल्थफिजिक्स_ताई

दादा म्हणतायत ते पटलं, त्यात थोडी भर घालते. साइटवर दोन हिशोब चालतात, एक डोसचा (अंगाला बसणाऱ्या रेडिएशनचा) आणि एक इजांचा, आणि दोन्हीची माणसं वेगळी असल्यामुळे ते एकत्र कधी बघितलेच जात नाहीत. डोसच्या बाबतीत आपल्याकडे एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा कडक आहे, पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, प्रत्येकाचा टीएलडी बॅज (अंगावर लावलेला डोस मोजणारा बिल्ला) वाचला जातो, रेकॉर्ड राहतो. २००९ ला कर्नाटकातल्या कैगा केंद्रात कोणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियमवालं (किरणोत्सारी) जड पाणी मिसळलं होतं ना, ते सापडलं कशामुळे, तर कामगारांच्या लघवीची नेहमीची तपासणी होते त्यातून. कोणी आजारी पडलं नव्हतं, कोणाची तक्रार नव्हती. नियमित नमुने घेतले जात होते आणि आकडा नेहमीपेक्षा वेगळा दिसल्यावर कोणीतरी थांबून विचारलं, बस. निअर मिसची पेटी मला तशीच वाटते, माणूस पडायच्या आधी घेतलेला नमुना.

आणि शून्य ते सातवाल्या आयनेस स्केलवर कोणी बोट ठेवलं की आपल्याकडे सगळं शून्य आहे, तर सांगा की ते स्केल न्यूक्लिअर आणि रेडिएशनच्या घटनांसाठी आहे, स्टेजिंगवरून माणूस पडून गेला तरी ते त्या स्केलच्या बाहेरच राहतं.

प्रॅक्टिकल सांगते. प्रत्येक नोंदीत जागा, कामाचा प्रकार, वेळ आणि माणूस साइटवर किती दिवसांचा आहे एवढे चार कॉलम ठेवा. हा शेवटचा कॉलम नक्की ठेवा, शटडाऊनला नवीन माणसं येतात, प्लास्टिक सूट, मास्क, घाम, हातमोज्यात पान्याची पकड येत नाही, आणि डोस कमी बसावा म्हणून काम लवकर उरकायची घाई. डोस वाचवताना बोट चेपलं असं मी बघितलंय, आणि डोसच्या रिपोर्टात ते काम उत्तम म्हणून आलं होतं.

नवा_सेफ्टीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर ताईंनी सांगितलं तसे चार कॉलम करून बसलो, पेटीतले सगळे फॉर्म आणि फर्स्ट एडचं रजिस्टर समोर घेतलं. फर्स्ट एडच्या २३ नोंदी निघाल्या, त्यातल्या ८ एकाच मजल्यावरच्या, बहुतेक दुपारी साडेतीननंतरच्या, नडगीला लागलं, गुडघा खरचटला, हात आपटला अशा बारीकसारीक. ज्याचं मनगट मोडलं तो पण तिथूनच उतरत होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं कारण अपघाताची फाइल वेगळ्या कपाटात असते.

आज सकाळी मुकादमाला घेऊन तिथे गेलो. शिडीची खालची पायरी आणि जमीन यात जवळजवळ दीड फूट अंतर आहे, आणि दुपारनंतर बाहेरचा उजेड कमी होऊन फक्त पाठीमागचे वरचे दिवे उरतात त्यामुळे स्वतःच्या अंगाचीच सावली त्या पायरीवर येते. मुकादम म्हणाला, आम्हाला माहितीये साहेब, आम्ही उडी मारतो.

शिडी टॅग लावून बंद केलीय, बदलायचं परमिट उद्या मिळेल. मीटिंग शुक्रवारी आहे, १२ महिन्यांचा आकडा आणि त्या पायरीचा फोटो दोन्ही घेऊन जातोय. निअर मिस कमी करायला परत सांगितलं तर फोटो पुढे करेन.

जुना_मेंटेनन्स

फोटोत मोजपट्टी ठेवून काढ. आणि बाकीच्या मजल्यांवरच्या शिड्याही त्याच माणसांनी बांधल्या असतील, त्या शुक्रवारच्या आधी बघून घे.